क्लच नसलेली गाडी

"डावा पाय कुठं ठेवू?" व्हर्नानं विचारलं.

"घरी ठेवून ये," ऑर्विल म्हणाला. "या गाडीला डावा पाय लागत नाही. डोकंही लागत नाही. तुझ्यासारख्यांसाठीच केलीय."

इंडियानातल्या त्या गावात एकच गॅरेज होतं आणि ऑर्विल तिथला जुना मेकॅनिक. महायुद्धानंतर गाड्यांत जे जे नवं आलं, त्याला त्यानं नाक मुरडलं. आपोआप गिअर बदलणारी ही शेवरोले सेडान आली, तेव्हा तर तो चक्क थुंकला होता. मग एकदा साखळीला टांगलेलं इंजिन निसटून त्याच्या डाव्या गुडघ्यावर आदळलं आणि क्लच दाबणं कायमचं संपलं. मालक क्लेटननं हीच सेडान वापरायला दिली. एका पायानं ऑर्विलला ती सहज चालवता आली असती. पण ती चालवताना लोकांना दिसण्यापेक्षा त्यानं बायकोला शिकवायला घेतलं.

"वळव! अगं, गाईनं बरी वळवली असती!"

व्हर्नानं स्टिअरिंग फिरवलं. तिचा स्वयंपाक, तिचे भाऊ, तिचं हसणं, सगळ्याची अशीच चेष्टा ती लग्नापासून ऐकत आली होती. गाडी मात्र हलकेच वळत होती, सांगितलं तिथं थांबत होती.

गॅरेजसमोर माणसं कॉफी पीत उभी होती. ऑर्विलनं खिडकीतून डोकं काढलं. "बघा रे! व्हर्नाला येते म्हणजे कुणालाही येईल. गाडी कसली, बाबागाडी आहे ही!"

सगळे हसले.

"मग तू का नाही चालवत?" व्हर्ना मोठ्यानं म्हणाली. "लाज वाटते की भीती?"

आता तर हसण्याचा स्फोटच झाला. क्लेटनच्या कपातली कॉफी सांडली. ऑर्विलचे कान लालबुंद झाले. त्यानं दार उघडलं, कुबडी ओढून घेतली आणि घराच्या वाटेला लागला. घर चांगलं दीड मैल लांब होतं.

व्हर्नाला बरं वाटलं. पण थोडाच वेळ. तिनं गाडी वळवली.

मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर तो दिसला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, मान ताठ. तिनं हाक मारली नाही. ब्रेकवरचा पाय अलगद उचलला, तशी गाडी त्याच्यामागून कुबडीच्या चालीनं सरकू लागली.

पाठीमागून दुधाचा ट्रक आला आणि भोंगा वाजवू लागला. व्हर्नानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि ट्रकला पुढं जायची खूण केली.