मनात आलं, एवढंच

रेणुकाबाईच्या मनात ते पहिल्यांदा आलं तेव्हा ती वांगी चिरत होती. बिरू नुकता रांगायला लागला होता. रांगत रांगत तो विळीजवळ आला आणि तिच्या गुडघ्याला धरून उभा राहायला बघू लागला. त्याची इवलीशी मान पात्याच्या उंचीला आली. ‘लागलं तर?’ असं कुठल्याही आईच्या मनात येतं, तसं तिच्याही आलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं. ‘आपणच लावलं तर?’

तिच्या हातातलं वांगं सुटलं. अंगाला दरदरून घाम आला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, बिरोबाला नवस बोलून झालेलं पोर ते. त्याला उचलून सासूच्या मांडीवर टाकलं आणि ती मागच्या दारी जाऊन बसली.

एकदा आलेलं ते परत गेलं नाही. दळताना यायचं, पाणी शेंदताना यायचं. पोराला पाजताना तर हमखास. तिने विळी माळ्यावर टाकून दिली. निर्णा गावातल्या त्या घरात भाजी मग हातानेच तोडली जाऊ लागली. विहिरीकडे जाताना पोराला ती कडेवर घेईना. पोर झोपलं की उगीच त्याच्या गळ्यावरून हात फिरवून बघायची, कुठे काही झालं नाही ना. बघून चार पावलं गेली की परत यायची. आपण बघताना तर काही केलं नाही ना?

“आत्याबाई, पोरगं बरं हाय न्हव?”

“आत्ताच तर इचारलीस की गं,” सासू, अंबुबाई, म्हणायची. “तुझ्यासमोरच खेळायलंय. असं कामून करायलीस?”

का, ते सांगायला तिला तोंड नव्हतं. अंबुबाईला आधी वाटलं, सून कामाला कंटाळली. मग वाटलं, भानामती झाली. हुमनाबादकडचा एक मांत्रिक आला. त्याने मिरच्यांची धुरी दिली, केस धरून करणी करणाऱ्याचं नाव विचारलं. रेणुकाबाई खोकून खोकून बेजार झाली, पण नाव कुणाचं सांगणार? भानामती असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. करणी दुसऱ्याची असते. हे तर आपलंच होतं, आपल्याच डोक्यात निपजलेलं.

तिचा नवरा तुळजाराम अबोल माणूस. मेंढरं वाडवडलांच्या काळातच गेली होती, आता थोडी कोरडवाहू जमीन होती आणि बाकी मजुरी. बायको वाळत चालली हे त्याला दिसत होतं. गावातला सिद्धप्पा गुलबर्ग्याच्या अडतीवर तूर घालायला जायचा. तो एकदा म्हणाला, “तुळजाराम, तिथं दवाखान्यात एक जण बसतोय. सुई न्हाई, औषध न्हाई. नुसतं बोलतोय. वहमाचा, मनातल्या भ्याचा इलाज करतोय म्हणं. घेऊन जा की वैनीला.”

माघाची थंडी उतरल्यावर तुळजाराम बायकोला आणि पोराला घेऊन सरकारी मोटारीने गुलबर्ग्याला गेला.

तिथे बसायचे ते भगवानराव, मूळ बिदरजवळच्या नौबादचे. म्हैसूरला मानसशास्त्र शिकून आलेले. लोक त्यांना डॉक्टर म्हणत, ते दर वेळी “मी डॉक्टर नाही” म्हणत, आणि लोक परत डॉक्टर म्हणत. दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांना एक खोली मिळाली होती. भीतीने आणि नको त्या विचारांनी पछाडलेल्या माणसांचा ते अभ्यास करत होते. बिदर, भालकी, चिंचोळी अशी गावं फिरून त्यांनी अशी माणसं शोधली होती, आणि या लोकांना वेडं म्हणू नये एवढं तरी आपण सिद्ध करू, अशी त्यांची जिद्द होती.

त्यांनी तुळजारामला पोरासकट बाहेर बसवलं. रेणुकाबाई पदर तोंडाशी धरून बसली. भगवानरावांनी तिला काही विचारलं नाही. ते आपणहूनच बोलू लागले.

“भालकीकडची एक बाई आहे. ती विहिरीवर जात नाही. तिला वाटतं, सोबतच्या बाईला आपण आत ढकलून देऊ. एक पुजारी आहे. गाभाऱ्यात गेला की देवाला शिव्या द्याव्यात असं त्याच्या मनात येतं. बिचारा रडतो. दोघांनीही आजवर मुंगी मारलेली नाही.”

रेणुकाबाईने मान वर केली. असं आणखी कुणाला होतं?

मग बांध फुटल्यासारखं तिने सगळं सांगितलं. विळीचं, विहिरीचं, गळ्यावरून हात फिरवण्याचं. सांगून झाल्यावर वाट बघत राहिली, की हा माणूस आता उठेल आणि शिपायाला बोलावेल.

“ज्याला खरंच मारायचं असतं त्याला असा घाम फुटत नाही, माय,” भगवानराव म्हणाले. “पोरावर तुमचा जीव आहे, म्हणून भीती नेमकी तिथंच चावते. मनात आलं, एवढंच. मनात येणं म्हणजे करणं नव्हे.”

त्या दिवशी परतताना मोटारीत ती पोराला कुशीत घेऊन झोपली. कितीतरी दिवसांनी झोपली.

मग त्यांच्या खेपा सुरू झाल्या. भगवानराव म्हणत, “भीतीपासून जितकं पळाल तितकी ती मागं लागेल. हा माझा अंदाज आहे. मीही अजून शिकतोच आहे.” एका खेपेला त्यांनी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून विळी मागवली, एक काकडी ठेवली आणि बिरूला तिच्याजवळ बसवलं. तिचे हात लटलट कापत होते. “कापू द्या,” ते म्हणाले, “हात थरथरतात म्हणून थांबू नका.” तिने रडत रडत काकडी चिरली. बिरूने एक फोड उचलून खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढे केला. रेणुकाबाई हसली. भगवानरावांनीही डोळे पुसले.

“हे आता घरी करायचं,” ते म्हणाले. “पण घरच्यांना माहीत पाहिजे. ‘पोर बरं आहे ना’ असं तुम्ही सारखं विचारलं तर त्यांनी उत्तर द्यायचं नाही, पोर तुमच्याजवळच ठेवायचं. तुळजारामांना सांगू का?”

“नगा जी,” ती घाबरून म्हणाली. “तेवढं नगा.”

“किती दिवस एकटीनं वाहणार? नवरा चांगला आहे तुमचा.”

नवरा चांगलाच होता. तिने खाली बघत मान डोलावली.

भगवानरावांनी तुळजारामला आत बोलावून सगळं नीट, सावकाश समजावलं. तो प्रत्येक वाक्याला “व्हय जी” म्हणत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता. मोटारीत बसताना बिरू आईच्या मांडीवर जायला लागला, तेव्हा त्याने त्याला उचललं आणि आपल्या पलीकडच्या बाजूला, खिडकीपाशी बसवलं. रेणुकाबाईने ते पाहिलं. 

त्याने आईला सांगितलं. अंबुबाईने आरडाओरडा केला नाही, ती फक्त पोराला घेऊन सोप्यात जाऊन बसली आणि तिथून उठेचना. दुसऱ्या दिवशी औरादकडे दिलेल्या लेकीला निरोप गेला. ती आली आणि बिरूला घेऊन गेली. रेणुकाबाई तुळजारामच्या पाया पडली.

“मी कायबी करणार न्हाई वो. डाक्टर म्हणले न्हाई का?”

“मला ठावं हाय,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “पण जीव धजंना गेलाय माझा.”

खेपा बंद झाल्या. तेव्हा भगवानराव स्वतःच निर्ण्याला आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. रेणुकाबाई आत दाराआड उभी होती.

“पोराला परत आणा,” ते म्हणाले. “तुम्ही त्याला दूर नेलंत, म्हणजे तिची भीती खरी आहे असंच तिला सांगितलंत.”

“तुम्हीच सांगितलाव की, तिच्या मनात काय येतंय ते,” तुळजाराम म्हणाला.

“मनात येतं. ती करणार नाही.”

अंबुबाई पुढे सरकली. तिचे डोळे रडून सुजलेले होते. “अप्पा, तू शिकलेला माणूस. माझ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवल्यावानी सांग. कधीच करणार न्हाई? कधीच?”

 खोटं बोलायची भगवानरावांना सवय नव्हती आणि अभ्यासाने माणसाला तोलून बोलायची खोड लागते.

“असं कुणी केलेलं मी आजवर पाहिलेलं नाही,” ते म्हणाले.

“आजवर,” अंबुबाई म्हणाली आणि मागे सरकली.

भगवानरावांना चूक कळली असावी. ते पुन्हा पुन्हा समजावत राहिले, आवाज चढवूनही बोलले, पण ओसरीवर कुणी ऐकत नव्हतं. आणि दाराआड रेणुकाबाईच्या मनात तो एकच शब्द शिरला होता. आजवर. म्हणजे उद्याचं त्यांनाही ठाऊक नाही. काकडी चिरली त्या दिवशी जे थोडंसं सैल झालं होतं ते परत आवळलं, आधीपेक्षा घट्ट. जाताना त्यांनी आत बघून विचारलं, “माय, एकदा तरी गुलबर्ग्याला याल?” ती दारापासून आत निघून गेली.

पुढे मुलखात रझाकारांची धामधूम सुरू झाली. मोटारी बंद पडल्या, गावंच्या गावं निजामाच्या हद्दीपलीकडे निघून गेली. भगवानराव सोलापूरकडे गेले असं सिद्धप्पा म्हणाला, पण नक्की त्यालाही माहीत नव्हतं. खोलीला कुलूप होतं, एवढं त्याने पाहिलं होतं.

पोर दूर गेलं तरी विचार गेला नाही. तो शेजारच्या पोरांवर बसला, गल्लीतल्या लेकुरवाळ्या बायांवर बसला. रेणुकाबाईने बाहेर जाणं सोडलं. तुळजाराम तिच्यापुढे भाकरी ठेवायचा आणि जवळ बसून राहायचा. कधी म्हणायचा, “आणू का गं पोराला?” तीच मान हलवून नको म्हणायची.

पोलीस ॲक्शन झाली, राज्य पालटलं. त्यानंतर दिवाळीला नणंद आली. बिरू आता चांगला चालता-बोलता झाला होता. अंगणात त्याचा आवाज आला, तशी रेणुकाबाई उठली. दाराच्या फटीतून तिने त्याला पाहिलं. अंगाने भरला होता. नणंदेला ‘आई’ म्हणत होता. त्याच्या केसांना तेल लावलेलं होतं, आणि तो कोंबड्यांच्या मागे पळत होता.

अंबुबाई आत आली. आता तीही थकली होती. म्हणाली, “ये गं बाहेर. मी हाय, तुळजा हाय. लांबून का हुईना, बघ लेकराला.”

“आत्याबाई,” रेणुकाबाई म्हणाली, “भायेरून कडी लावा.”

“अगं, पण...”

“लावा म्हणते न्हव. ते पोरगं हितं हाय तवर काढू नगा.”

अंबुबाई उंबऱ्यात उभीच राहिली. मग तिने दार ओढून घेतलं आणि कडी लावली. आत रेणुकाबाईने कडी लागल्याचा आवाज ऐकला, हाताने दार ढकलून बघितलं, आणि लागली आहे ना म्हणून परत एकदा ढकलून बघितलं.