तिसरा घास

मित्रांनो, मी एक जुनी रोटी आहे. रोटीचे आयुष्य ते केवढे आणि त्यात सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटते. तरी सांगून बघते.

दोन देशांच्या सीमेवर, पाटाच्या तोंडाशी एक मातीची खोली आहे. तिच्या तुळईला मी सुतळीने टांगलेली आहे. अलीकडच्या गावातल्या तंदुरात माझा जन्म झाला. माझ्या पोटावर फुलाचा ठसा उठवून वर काळे तीळ पेरले होते. माझ्या बहिणी त्याच दुपारी चहाबरोबर संपल्या. कधीकधी मला त्यांचा हेवा वाटतो.

त्या वर्षी पाण्यावरून दोन्ही काठांवर गोळ्या चालल्या होत्या. माणसे मेली. मग दोन्ही सरकारांनी करार केला, की पाणी आळीपाळीने घ्यायचे. पण नुसत्या सह्यांनी गावांचे समाधान होईना. आमच्याकडे घरातला माणूस दूर निघाला की रोटीचा एक घास खाऊन जातो, आणि उरलेली रोटी तो परतेपर्यंत टांगून ठेवतात. ती त्याची वाट पाहते. म्हणून अलीकडचे पाटकरी होल्मुरोद बोबो (बोबो म्हणजे आजोबा) यांनी माझा एका बाजूने घास घेतला आणि पलीकडचे पाटकरी एसेनबाय यांनी दुसऱ्या बाजूने. मी टांगलेली आहे तोवर दोघांनी एकमेकांकडे येत राहायचे, असे ठरले.

ते दिवस चांगले होते. दोघे माझ्याखाली बसून चहा पीत.

"एसेनबाय, तुझा दात पडला. आता रोटीवरची दातांची खूण तुझीच कशावरून?"

"तुझा हा कडू चहा पिऊनच पडला तो!"

मग एका वसंतात पलीकडचा राज्यकर्ता देश सोडून पळाला. तिथे पहिल्यांदाच खरे मतदान होणार होते. एसेनबाय जुन्या सरकारने नेमलेले, त्यांना घरी बसवले. पलीकडून कोणीच येईना.

आमच्या गावातली तरुण मंडळी मात्र आली. "बोबो, तिकडं विचारणारं कुणी नाही. सगळं पाणी आपल्याकडं वळवा की! ज्यानं करार केला तोच पळाला."

"तो पळाला," बोबो म्हणाले. "त्यांची जर्दाळूची झाडं पळाली का?"

पलीकडची पाळी आली की बोबो स्वतः पाटाचे दार त्यांच्याकडे फिरवत. गावाने त्यांच्याशी बोलणे टाकले. ते एकटेच बसत आणि सवयीने दोन पेले भरत. दुसरा तसाच गार होई. "तू तरी बोल काहीतरी," असे ते मला म्हणत. मला बोलता आले नाही.

उन्हाळ्यात पलीकडून जिपारा आली. तिच्या गावाने मते देऊन निवडलेली पहिली सरपंच. ती बसलीसुद्धा नाही.

"बोबो, मला भांडायचं नाही. पण हा करार त्या पळपुट्यानं केला. माझ्या लोकांना तेव्हा कुणी विचारलं होतं?"

तिने करार मोडला असता, तर पुन्हा बंदुका निघाल्या असत्या. बोबोंनी तिवईवर चढून मला खाली उतरवले.

"नव्हतं विचारलं, पोरी. आता मी विचारतो."

"हिचा घास घ्यायचा? अहो, दगड झालाय हिचा!"

"मग बुडव चहात. दुसरा पेला भरलेलाच आहे."

जिपारा खाली बसली. माझी कड तिने भिजवली, चावली आणि कितीतरी वेळ चघळत राहिली. "जुनं आहे," ती शेवटी म्हणाली, "पण उतरलं घशाखाली. पाळ्या ठरल्यात तशाच चालू देत."

एसेनबाय मात्र परत आले नाहीत. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते वारले, आणि पुढे बोबोही. मी दोघांचीही वाट पाहते, कारण मला तेवढेच येते.

आता पाटाचे दार विजेवर फिरते. खोलीत कोणी बसत नाही. भांडण नाही, म्हणून मान वर करून माझ्याकडे कोणी बघतही नाही. यात आनंद मानावा, हे मला कळते, पण पुष्कळदा जमत नाही.

मित्रांनो, राज्ये पुन्हा बदलतील. नवी माणसे येतील आणि विचारतील, आम्हाला कुठे विचारले होते? त्यांचा प्रश्न खराच असेल. तेव्हा मला फेकू नका. खाली उतरवा. माझी एक कड अजून अख्खी आहे.

येताना चहा तेवढा आणा.