मल्हारीच्या नावाची मेंढरं

मल्हारीला स्वाभिमान भारी, आणि तोच त्याच्या मुळावर आला. औरंगाबादच्या मेडिकल कॉलेजात नंबर लागला तेव्हा त्यानं बापाला, सोनाजीला, छातीठोक सांगितलं, "आबा, समदं सरकार देतंय. तुमी काय बी पाठवू नका."

सरकारनं फी तेवढी माफ केली होती. मेस, पुस्तकं, परीक्षेचा फॉर्म यांची तोंडं उघडीच होती. म्हणून कॉलेज सुटलं की मल्हारी वाळूजच्या कारखान्यांकडं जाणारी बस धरायचा, ठेकेदाराच्या हाताखाली लोखंडी भाग घासायचा आणि सकाळी वर्गात डुलक्या घ्यायचा. घरी मात्र खुशालीची पत्रं.

मग नामांतराचा जानेवारी आला. विद्यापीठाच्या नव्या नावावर कुणी गुलाल उधळला, कुणी दगड उचलले. बसगाड्या बंद पडल्या आणि मल्हारी दहा दिवस कामावर पोचला नाही. ठेकेदारानं त्याचं नाव कापलं. त्याला असे पन्नास मिळत होते.

पैसे थकले म्हणून त्याची मेस बंद झाली. फॉर्मची मुदत मंगळवारी संपत होती.

मल्हारीकडं एकच गोष्ट उरली होती. जावळाच्या दिवशी मामानं त्याला एक कोकरू दिलं होतं. त्यांच्या घरात अशा कोकराची सगळी वीण त्या पोराची. बापसुद्धा ती विकत नाही. कानावर लाल ठिपका असलेली अकरा मेंढरं आता त्याच्या नावाची होती. ती विकली तर बापावर भार पडत नाही, असं त्यानं एसटीत स्वतःला वीसदा समजावलं आणि रविवारी आपल्या गावी, पाचोडला उतरला.

घरापुढं मांडव होता. मोठाल्या पातेल्यांत रस्सा उकळत होता आणि गाव पंगतीला बसलं होतं.

"बरा आलास," सोनाजी म्हणाला. "तुझ्या डाक्टरकीचा नवस होता बिरोबाला. तुझ्या नावाचे पाच नर देवाला दिले. सहा माद्या बानाबाईला आंदण घातल्या, बहीण हाय तुझी."

"समदी?"

"तुला कशाची गरज हाय आता? पर बाजारात एक बी नेलं नाय, बाबा. तुझं इकून खाणारा बाप नाय मी."

खरं सांगितलं असतं तर आबानं उद्याच स्वतःचा कळप विकला असता, हे मल्हारीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो हातपाय धुऊन पंगतीत जाऊन बसला. स्वतःचा, बापाचा आणि त्या भल्या देवाचा, तिघांचाही त्याला संताप आला.

आईनं, म्हाळसाबाईनं, त्याच्या ताटात मटण वाढलं. सोनाजी पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या मल्हारीनं आजवर आमाला कशाचा तरास दिला नाय."

मल्हारी तीन दिवसांचा उपाशी होता. त्यानं मान खाली घातली, आपलीच मेंढरं खाल्ली आणि आईकडं आणखी एक भाकर मागितली.