माझी सही, तिच्या हातची

ही गेली आणि मुलांनी माझ्या मरणाची तयारी सुरू केली. चांगल्या मनाने केली, हे आधीच सांगतो. हिने मागे काहीच लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे कचेऱ्यांचे उंबरे झिजवून थोरल्याची आणि धाकटीची दमछाक झाली होती. "बाबा, तुमच्या वेळी असा घोळ नको," थोरला म्हणाला. माझी वेळ कधीची धरली आहे, ते मी विचारलं नाही.

मी सोफे भरणारा माणूस. जुना सोफा उघडायचा, स्प्रिंगा नव्याने बांधायच्या, कापड ताणून खिळे मारायचे. घरातल्या कागदांशी माझा संबंध नव्हता. ते खातं हिचं होतं.

वकीलबाईंच्या ऑफिसात गेल्यावर मी आधी खुर्ची पाहिली. रेक्झिन फाटलेलं, आतल्या फोमचा भुगा. बाईंनी टेबलावर चार कागद मांडले. घर आणि दुकान कोणाला द्यायचं, ते मृत्युपत्र. माझं मला जमेनासं झालं तर व्यवहार कोण बघणार, ते अधिकारपत्र. बँकेत माझ्यामागे कोणाचं नाव, तो फॉर्म. आणि चौथा, मी इस्पितळात बोलण्याच्या स्थितीत नसलो तर काय करायचं आणि कुठे थांबायचं, त्याचा.

मृत्युपत्रावर मुलं रंगात आली.

"दुकान तू घे," थोरला म्हणाला. "मला काय करायचंय?"

"मोठा आलाय दानशूर! छप्पर गळतंय म्हणून मला होय?"

"बरं बाई, मग घर घे."

"आणि बाबा कुठे राहणार?"

"अगं, बाबा नसतानाचं बोलतोय आपण."

"हां, मग चालेल."

मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसलो होतो. म्हटलं, "तो चौथा कागद आधी करू."

दोघं एकदम माझ्याकडे वळली. मग धाकटी म्हणाली, "बाबा, काहीतरी अभद्र बोलू नका."

"मग इतका वेळ काय माझ्या वाढदिवसाचं चाललं होतं?"

वकीलबाई हसल्या. "काका, आधी मालमत्तेचं उरकू. तो कागद काय, कधीही करता येतो."

मला तर तोच कागद हवा होता. शेवटी शेवटी हिच्या नाकातोंडात नळ्या होत्या. ती त्या ओढायची, म्हणून हात पलंगाला बांधले होते. डॉक्टर रोज विचारायचे, "पुढे काय करायचं?" आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघायचो. मग कोणीतरी म्हणायचं, "सगळं करा." आणि सगळं केलं जायचं. तिला काय हवं होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. माझ्या पलंगाशी मुलांवर ती पाळी यायला नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

बाईंनी आधी बँकेचा फॉर्म पुढे केला. मी सही केली. त्यांनी ती बँकेच्या जुन्या कागदाशी ताडून पाहिली आणि चष्मा वर केला.

"काका, ही तुमची सही नाही."

"आत्ता तुमच्यासमोरच केली की."

"तेच म्हणतेय. बँकेतली सही वेगळी आहे. ही जुळल्याशिवाय कुठल्याच कागदाला अर्थ नाही. उद्या कोणीही म्हणेल, हे म्हाताऱ्याने लिहिलेलंच नाही."

मी जुना कागद पाहिला. गोल, ठसठशीत अक्षर, वर झोकदार रेघ. मग खरं ते सांगितलं. माझे हात कायम सरसाने बरबटलेले. कागद आला की ही म्हणायची, "राहू दे, डाग पाडाल," आणि माझी सही ठोकून द्यायची. खातं उघडलं तेव्हापासून माझी सही तीच करत होती. बँकेला माझी म्हणून तिचीच सही ठाऊक.

"म्हणजे आईने फ्रॉड केला?" थोरल्याचा चेहरा पडला.

"माझ्या प्रगतिपुस्तकावरही तीच असणार!" धाकटी हसत सुटली. "आणि मी शाळेत बाईंना सांगायचे, बाबांनी स्वतः वाचून सही केलीय."

वकीलबाई म्हणाल्या, सही बदलून घ्या, साधं काम आहे.

बँकेतला साहेब माणूस बरा होता. त्याने सही बदलायचा अर्ज दिला. "खाली जुनी सही करा. ती जुळली की नवी घेतो."

"साहेब, जुनी सही करणारी गेली."

"मग तिच्याकडून अधिकारपत्र आणा."

"गेली म्हणजे वारली हो."

त्याने मान खाली घातली, दोन क्षण दुःख केलं आणि म्हणाला, "मग तिच्या वारसाने सही करायची."

"वारस मीच आहे."

"झालं तर मग! करा की जुनी सही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुकानात आलो. सोफ्याचं कापड बेतायला आमच्याकडे खाकी कागद असतो. तो पसरला, हिची सही शेजारी ठेवली आणि गिरवायला बसलो. माझं अक्षर खिळ्यासारखं, उभं. तिचं वळणदार. मी आधी अक्षरं काढून वर रेघ मारायचो, तसं जमेना. मग ध्यानात आलं की ती आधी वरची रेघ ओढत असणार आणि अक्षरं तिला टांगत असणार. दोरीवर कपडे वाळत घालतात तशी. तसं केल्यावर हात वळायला लागला. एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "काय मामा, या वयात शाळा?" मी म्हटलं, "नापास झालो होतो."

पुन्हा बँकेत गेलो. सही केली. साहेबाने ती जुनीशी ताडली आणि खूश झाला.

"बघा! आधी उगाच आढेवेढे घेत होता. आता इथे नवी करा."

मी तीच पुन्हा केली.

"काका, ही तर जुनीच झाली."

"हो."

"मग बदल कसला?"

"बदल नको," मी म्हटलं. "हीच राहू दे."

त्याने अर्ज फाडला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

वकीलबाईंकडे गेल्यावर या वेळी मी चौथा कागद स्वतःच पुढे ओढला. यंत्रावर ठेवू नये, हात बांधू नयेत, दुखणं कमी होईल तेवढं करावं. बाईंनी माझ्या सांगण्यावरून लिहिलं होतं. मी सही केली. बाई म्हणाल्या, मुलांनीही वाचलं आणि मान्य म्हणून सही केली तर बरं, इस्पितळात पुढे भांडणं होतात.

थोरल्याने वाचायला घेतलं. हात बांधू नयेत, तिथे थांबला.

"बाबा, तेव्हा मीच म्हणायचो ना, सगळं करा?"

"कधी तू, कधी धाकटी, कधी मी. तुझ्या एकट्याच्या नावावर नको घेऊस."

धाकटीने त्याच्या हातातून पेन घेतलं. आधी तिने सही केली, मग त्याने. त्याची सही कधी नव्हे ती वेडीवाकडी आली, पण बाईंनी चालवून घेतली.

"आता मृत्युपत्र घेऊ या का?" बाईंनी विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "नंतर बघू," थोरला म्हणाला. "बाबा, चला, घरी चला."

बाईंचा अजून फोन येतो. मृत्युपत्राचं काय झालं, विचारतात. मी फोन मुलांकडे देतो. दोघं एकाच सुरात सांगतात, घाई काय आहे.