समोरच्या भिंतीवरचा खिळा

घर कसं शोधायचं याचा आमच्या अश्विननं जेवढा विचार केला, तेवढा लग्नासाठी मुलगी पाहतानाही केला नव्हता. ती मुलगी मीच, म्हणून खात्रीनं सांगते. अमरावतीत कोणत्या भागात बघायचं, नळ किती वेळ चालतो हे घरमालकाला नाही तर शेजाऱ्याला विचारायचं, भर मे महिन्यात दुपारी वरच्या खोलीत उभं राहून पाहायचं, सगळं ठरलं. शेवटची अट बाबांसाठी, म्हणजे माझे सासरे मोतीराम इंगळे यांच्यासाठी होती. इसार होईपर्यंत कुणाला जयभीम म्हणायचं नाही. नमस्कार म्हणायचं.

अश्विनला तरी काय बोलणार? आधीची दोन घरं हातची गेली होती. इंगळे आडनाव बऱ्याच समाजांत असतं, त्यामुळे लोक सुरुवातीला हसून बोलायचे. मग मूळ गाव विचारायचे. तिवसा तालुक्यातलं गाव सांगितलं की गावात घर कोणत्या बाजूला, ते विचारायचे. त्यानंतर त्यांना घर विकायचंच नसायचं.

बाबा एसटीत मेकॅनिक होते. सगळा जन्म भाड्याच्या घरांत गेला. आताच्या घरमालकानं पहिल्याच दिवशी बाबासाहेबांचा फोटो पुढच्या खोलीत नको म्हटलं, तेव्हापासून तो आत, कपाटाच्या आडोशाला आहे. बाबांना स्वतःचं घर हवं होतं ते एवढ्याचसाठी. दार उघडलं की समोर फोटो दिसावा. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं एवढंच मागावं आणि त्यासाठी दारोदार तोंड बंद ठेवून फिरावं, याचा मला फार राग यायचा. अजून येतो.

मग वानखडे काकांचं घर पाहायला गेलो. रिटायर्ड मास्तर. बायको आशाबाईंना घेऊन अकोल्याला मुलाकडे राहायला जायचं होतं. त्यांनी नमस्कार केला, आम्ही नमस्कार केला. गाव त्यांनी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अश्विननं नळ पाहिला, गच्ची पाहिली, शेजाऱ्यांशी बोलून आला. त्याचा चेहरा खुलला होता.

बाबा मात्र पुढच्या खोलीतून हलले नव्हते. भिंतींचा हिरवा रंग पार विटला होता, पण दारासमोर एका चौकटीएवढी जागा ताजी होती. वर खिळा.

"इथं कोनाचा फोटो होता, मास्तर?"

काकांनी आशाबाईंकडे पाहिलं. "घरच्याच मानसाचा."

अश्विननं बाबांचा दंड धरला. बाबांनी तो सोडवला आणि हात जोडले. "जयभीम."

काका उठून उभे राहिले. "जयभीम," ते म्हणाले. आशाबाई आत गेल्या. दिवाणातल्या कपड्यांखालून त्यांनी चादरीत गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो काढून आणला. त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं, गिऱ्हाईक येणार असलं की फोटो काढून ठेवा, नाहीतर भाव पाडतात. वानखडेही आमच्यासारखेच बऱ्याच समाजांत असतात, तेव्हा निभावून गेलं असतं.

म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. मला हसूच आलं असतं, पण बाबा खुर्चीवर बसले आणि रडायला लागले.

"आपल्याच मानसाले भेऊन राहिलो ना आपन," ते म्हणाले.

व्यवहार झाला. किल्ल्या घ्यायला गेलो त्या दिवशी काकांचं सामान टेम्पोत चढलं होतं, फक्त फोटो त्यांच्या हातात होता. अकोल्यात कुठं लावणार, असं बाबांनी विचारलं.

"भाड्याचा फ्लॅट हाये," काका म्हणाले. "पोरगा म्हनते, आतल्या खोलीत लावू."

बाबांनी काकांच्या हातून फोटो घेतला आणि त्याच्या जुन्या खिळ्यावर टांगला. "राहू द्या इथंच. पाहावं वाटलं का येत जा."

आमचा फोटो त्याच्या शेजारी लागला. त्यासाठी नवा खिळा अश्विननं स्वतः ठोकला. पाहुणे विचारतात, एकाच भिंतीवर दोन कशाला? तो सांगतो, एक आमचा, एक वानखडे काकांचा.

काका अधूनमधून अकोल्याहून येतात. समोरच्या खुर्चीवर बसतात, चहा घेतात. निघताना दारातून वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं जयभीम म्हणतात. अकोल्यात भिंतीपलीकडे घरमालक राहतो, तिथं हळू म्हणावं लागतं.