मेण वितळले त्या दुपारी

मी एक जुनी हातपेटी आहे, मित्रांनो. आमच्याकडचे केजन लोक, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले फ्रेंच वंशाचे शेतकरी, मला अकॉर्डियन म्हणतात. दहा बटणे, मधोमध भाता आणि डोक्यावर चार खुंट्या, एवढाच माझा संसार. तुमच्या भजनातल्या पेटीची मी दूरची बहीण लागते. पण ती बिचारी एका जागी बसून असते, आणि मी आयुष्यभर लोकांना नाचवत आले.

लुइझियानातल्या एका गावात नॉर्व्हिल नावाच्या सुताराने आपल्या गोठ्यात मला घडवले. माझ्या पोटात पोलादाच्या चिमुकल्या पट्ट्यांच्या चार ओळी त्याने मेणात बसवल्या. भात्याची हवा लागली की पट्ट्या बोलू लागतात. डोक्यावरची एकेक खुंटी एकेका ओळीची वाट उघडते. मला मालकाच्या हाती देताना नॉर्व्हिलने बजावले होते, "हिला उन्हात ठेवू नकोस. लाकूड सोसेल, मेण सोसणार नाही."

माझा मालक ओनेझिम. आठवडाभर भाताच्या शेतात राबायचा आणि शनिवारी नाचघरात मला मांडीवर घ्यायचा. शंभर जोडपी बूट आपटत नाचायची, तेव्हा आवाज सगळ्यांच्या वर चढायलाच हवा. म्हणून तो माझ्या चारही खुंट्या उघड्या ठेवी आणि भाता असा ओढी, की भांडणच चालले आहे असे वाटावे. शेजारी त्याचा दोस्त सोस्थेन माझ्या सुराला सूर लावून फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवी. ठेक्याला ट्रँगल, म्हणजे काडीने वाजवायचा लोखंडी त्रिकोण, असे; तोही गवत ओढायच्या यंत्राचा मोडलेला दात वाकवून केलेला. लोक माझी वाहवा करत आणि मी फुगत असे. एखाद्या वादकाने आपली पेटी गाडीत ठेवली, तर ओनेझिम त्याची चारचौघांत बिनपाण्याने करायचा. हे लक्षात ठेवा.

त्याची बायको अझेली आजारी पडली, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. दोन्ही मुलींच्या लग्नातली फेरी याच पेटीवर वाजायला हवी. ओनेझिमने शब्द दिला. ती गेली आणि सोळा वर्षांच्या थोरल्या व्हर्लीने घर अंगावर घेतले. धाकटी एलोडी तेव्हा नऊ वर्षांची होती.

आता एक गुपित सांगते. बाईमाणसाने नाचघरात पेटी धरायची नाही, असा ओनेझिमचा दंडक होता. व्हर्लीला तो मला पुसायलासुद्धा देत नसे. पण दुपारी तो शेतावर गेला, की ती स्वयंपाकघराचे दार लावून मला मांडीवर घेई. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तीन खुंट्या बंद करी आणि एकच उघडी ठेवी. एका ओळीला हवा किती लागते, हे तिच्या बोटांना पाठ झाले होते. तिच्याजवळ मी हळू बोलायला शिकले. अशी दहा वर्षे गेली आणि एलोडीचे लग्न ठरले.

तो जुलैचा दिवस मला अजून आठवतो. घर पाहुण्यांनी भरले होते आणि पोरे माझी बटणे दाबायला टपली होती. म्हणून ओनेझिमने मला ट्रकमध्ये ठेवले आणि काचा वर केल्या. नाचघरात पोचलो की आत नेऊ म्हणाला आणि गडबडीत विसरला. चर्च झाले, नाचघरात जेवणे झाली. मी तीन तास त्या भट्टीत होते. आधी भात्याच्या घड्या तापल्या. मग पोटातले मेण मऊ पडले आणि माझी एकेक पट्टी जागा सोडू लागली. मी ओरडणार कशी? हवेशिवाय मला आवाज नाही.

ओनेझिमने मला ट्रकमधून आत आणले, तेव्हा सगळे फेरीसाठी उभे राहिले होते. पेटी वाजायची, नवरानवरी नाचघराला फेरी घालायची आणि मागून वडीलधारी जोडीजोडीने चालायची, अशी रीत. फेरीनंतर नाच. आणि थोरली बहीण बिनलग्नाची असेल, तर तिने झाडूबरोबर नाचायचे. एका मावशीने झाडूला फीत बांधून तो व्हर्लीच्या हातात दिलासुद्धा.

"जोडीदार सडपातळ आहे हं तुझा," मावशी म्हणाली. व्हर्ली हसली. असे हसू मी स्वयंपाकघरात कधी पाहिले नव्हते.

ओनेझिमने भाता ओढला. माझ्या तोंडून घरघर निघाली. निम्मी बटणे मुकी, निम्मी भेसूर. लोकांना आधी गंमत वाटली, मग सगळे माना उंचावून पाहू लागले. सोस्थेनने वाकून माझा वास घेतला.

"ट्रकात ठेवली होतीस?"

ओनेझिम पुन्हापुन्हा मुकी बटणे दाबून पाहत होता. मी फिडलवर फेरी वाजवतो, असे सोस्थेन म्हणाला. एलोडीने नकारार्थी मान हलवली. "आईनं पेटीवर सांगितलं होतं, काका." दुसरी पेटी तासाभराच्या वाटेवर होती आणि तिला तरी अझेलीची पेटी कोण म्हणणार? ओनेझिमने शब्द मोडल्यात जमा होता. माझ्यामुळे नाही, पण माझ्या पोटात.

व्हर्लीने झाडूची मूठ घट्ट धरली होती. ती पुढे आली.

"पपा, पुढच्या तीन खुंट्या बंद करा. मागची ओळ सगळ्यात आत असते, तिला ऊन कमी लागलं असेल. ती शाबूत असेल."

त्याने तसे केले आणि सवयीने जोरात ओढले. माझी उरलेली ओळ गुदमरली.

"एवढा जोर नाही सोसत तिला. एका ओळीला निम्मी हवा पुरते."

"तुला कसं ठाऊक?"

माझा भाता अर्धा उघडाच राहिला होता. आता ती काय सांगणार, या भीतीने मी कासावीस झाले.

"दहा वर्षं वाजवतेय," व्हर्ली म्हणाली. "तुम्ही शेतावर गेलात की."

ओनेझिमने अंगठ्याचा पट्टा सोडवला आणि खुर्चीवरून उठला.

"बस," तो म्हणाला. मला तिच्या मांडीवर ठेवले आणि तिच्या हातातला झाडू स्वतः घेतला.

तिने वाजवले. एक ओळ, दबका आवाज. सोस्थेनने गज हलका केला, ट्रँगलवाल्याने आपला त्रिकोण मुठीत दाबला. आणि शंभर पाहुणे, जे एरवी फळ्या हादरवतात, ते मी ऐकू यावे म्हणून चवड्यांवर चालले. कुठल्या क्षणी ती ओळही दगा देईल, या धास्तीत मी एकेक सूर जपून सोडत होते. एलोडीची फेरी पुरी झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग मावशी झाडू शोधू लागली. झाडू ओनेझिमकडे होता. बिनलग्नाची थोरली पेटीवर बसली होती, म्हणून तिचा नाच बाप नाचत होता. फितीवाला झाडू कवटाळून, ओल्या डोळ्यांनी, ठेका चुकवत.

नॉर्व्हिलने माझ्या पट्ट्या दोन दिवसांत नव्या मेणात बसवल्या आणि ओनेझिमला यथेच्छ झापले. पुढच्या शनिवारी नाचघरात व्हर्लीने मला मांडीवर घेतले आणि सवयीने एकच खुंटी उघडली. ओनेझिम समोरच्या बाकावरून उठून आला. बाकीच्या तिन्ही त्याने आपल्या हाताने उघडल्या आणि जागेवर जाऊन बसला.

मित्रांनो, आम्हा पेट्यांना उन्हात टाकू नका. आणि तुमच्या घरात कुणी दार लावून हळू वाजवत असेल, तर वेळेवर दार उघडा. माझे मेण दोन दिवसांत भरून आले. व्हर्लीची ती दहा वर्षे मात्र नॉर्व्हिललाही भरून देता आली नाहीत.