नऊची नाव

कृष्णेच्या या काठाला गाव, त्या काठाला सांगली आणि मधे गुंडाची नाव. सातच्या खेपेला दूधवाले आणि माधवनगरच्या गिरणीतले कामगार, नऊच्या खेपेला शाळा-कचेरीची माणसं. पैसे कुणी देत नसे. सुगीला खळ्यावर शाळूची रास पडली की पहिलं सूप नावेचं. सूपभर धान्यानं कुणाचं पोट भरतंय? पण ते पहिलं असायचं आणि गुंडाची सगळी ऐट त्यावर होती.

चौऱ्याहत्तर साली गावातल्या लालासाहेबानं नवी रास घरात भरली आणि गुंडाच्या पदरात गेल्या सालचा किडका शाळू घातला. गुंडाच्या मस्तकात तिडीक गेली.

"त्येच्या घरचं माणूस आता नावंत घेणार न्हाई. यिऊ दे त्येला सोता काठावर!"

"आवं, पन त्येच्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय?" बायको बयाबाई म्हणाली. पण रुसलेला गुंडा कुणाचं ऐकतोय!

दुसऱ्या दिवशी नऊला लालासाहेबाची अनसूया उतारावरून पळत येताना दिसली, तशी त्यानं नाव लोटली. "पुढच्या खेपंला आनतो," असं नावेतल्यांना सांगितलं आणि पलीकडे जाऊन विडी ओढत बसला. एका हाकेला नाव परत आणायची ही त्याच्या आज्यापासूनची रीत. अनसूयेनं किती हाका मारल्या, त्याची मोजदाद नाही. गुंडाला वाटलं, पोरगी रडत घरी जाईल, बाप येईल, दोन शब्द नरमाईनं बोलेल. तेवढंच त्याला हवं होतं.

पोरगी घरी गेलीच नाही. लांबच्या पुलावरून वळसा घालून ती धावत सांगलीला गेली. त्या दिवशी तिचा मॅट्रिकचा पहिला पेपर होता. गावातून बसलेली ती एकटीच, त्यामुळे गुंडाला ते दुपारी कळलं. तोवर उशीर झाला म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं होतं. परीक्षा एकदाच, नाहीतर लग्न, असं लालासाहेबानं आधीच बजावलं होतं. वैशाखात अनसूया लोणंदला नांदायला गेली.

गुंडाला तेव्हापासून अन्न गोड लागलं नाही. चार वर्षांनी ती माहेरी आली, नावेत एकटीच होती. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून त्यानं वल्हं थांबवलं.

"पोरी, त्या दिशी..."

"ऱ्हाऊ द्या की मामा. आबा तुमच्यावर काठी घिऊन निघालं हुतं. मीच आडवलं. म्हनलं, वारं उलटं हुतं, मामांना हाक गेली न्हाई." मग तिनं विचारलं, "न्हवतीच गेली न्हवं?"

तिच्या डोळ्यांकडे पाहून गुंडाचं सगळं अवसान गळालं.

"न्हाई गं," तो म्हणाला. "आयकू आली असती तर आलो नसतो व्हय?"

"मला ठावं हुतं," अनसूया म्हणाली आणि समाधानानं हसली. तिनं चार माणसांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं गुंडाला वाटलं.